चिमूटभर जास्त

त्या रविवारी भट्ट्या थंड होत्या, तरी घर रंगात बुडालेले होते. शनिवारी धुऊन टांगलेली निळी थाने वरच्या माळ्यावर अजून वाळत होती. माळ्याची जमीन फटी ठेवून ठोकलेल्या फळ्यांची, वारा खेळावा म्हणून. त्या फटींतून दुपारचे ऊन कापडातून गाळून खालच्या खोलीत उतरत होते. टेबल निळे, कप निळे, पाच माणसांचे दहा हात निळे. वर वारा हलला की भिंतीवरची निळाई सरकायची आणि पुन्हा जागेवर यायची. आईला वाटत होते, आपण सगळे एका मोठ्या हौदाच्या तळाशी बसलो आहोत आणि वर कोणीतरी काठीने सावकाश पाणी ढवळते आहे.

बैठक आत्याने बोलावली होती. आईची ही नणंद लग्नाच्या भानगडीत कधी पडली नव्हती. चाळीस वर्षे घरच्या, कापड रंगवायच्या कारखान्याची कामे घेणे आणि वेळेवर पोचवणे एवढाच तिचा संसार. सगळ्यांना असे टेबलाभोवती तिने यापूर्वी दोनदाच बसवले होते. एकदा आईचा नवरा गेला तेव्हा, आणि एकदा अकरा वर्षांपूर्वी, धाकटीचे यकृत बंद पडले तेव्हा. त्या दुसऱ्या बैठकीत दादाने, धाकटीच्या थोरल्या भावाने, आपले निम्म्याहून अधिक यकृत बहिणीला द्यायचे ठरले. ते दिले. दोघेही जगले. त्याच्यात राहिलेला तुकडा वाढून पुरा झाला, तिच्यात गेलेलाही वाढून पुरा झाला. डॉक्टरांना हे नेहमीचे होते. आईला मात्र अजूनही कधी कधी मध्येच हातातले काम थांबवून त्याचा विचार करावासा वाटे.

आज प्रश्न यकृताचा नव्हता. ते ठणठणीत होते. गुरुवारी डॉक्टरांनी सांगितले होते ते मूत्रपिंडांबद्दल. परका अवयव शरीराने नाकारू नये म्हणून धाकटी जे औषध अकरा वर्षे घेत होती, तेच मूत्रपिंडांतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळत आले होते. हळूहळू, न दुखता. आठ महिन्यांपूर्वी रक्ताच्या तपासणीत ते दिसले. तेव्हापासून डॉक्टरांनी डोस दोनदा उतरवला: आधी सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन कॅप्सूल होत्या, मग संध्याकाळची एक झाली, तीन महिन्यांपूर्वी सकाळचीही एक झाली. तरी मूत्रपिंडांचे आकडे चढतच राहिले. आता ती तिसऱ्या हिश्श्याइतकेच काम करत होती. असेच चालले तर वर्षभरात यंत्रावर रक्त धुवावे लागेल, नाहीतर कोणाचे तरी मूत्रपिंड.

डॉक्टर मोकळेपणाने म्हणाले होते, मला हे उमगत नाही. मी औषध कमी करतोय आणि रक्तात ते कमी होत नाही. दुसरे कुठले औषध, काढा, फळांचा रस, असे काही चालू आहे का, असे त्यांनी तीन-तीनदा विचारले. धाकटीने तिन्ही वेळा नाही म्हणून सांगितले. आई शेजारच्याच खुर्चीवर होती. तिला कोणी विचारले नाही आणि तीही बोलली नाही.

आताही ती बोलत नव्हती. दादा बोलत होता.

त्याने सगळे ठरवूनच टाकले होते. उद्या सकाळी नऊला त्याची रक्ततपासणी होती. एकदा यकृत दिलेल्या माणसाने पुढे मूत्रपिंड दिल्याची उदाहरणे थोडी आहेत, पण आहेत, एवढे त्याने डॉक्टरांकडून वदवून घेतले होते. तपासण्या जुळल्या तर बाकीचे ते बघतील.

"माझ्यात सुटे भाग अजून शिल्लक आहेत," तो म्हणाला.

"तू काय भंगाराचं दुकान आहेस?" धाकटी म्हणाली.

"दुकान कसलं. अर्धा माल तर तूच उचलून नेलास."

ती हसली, तोही हसला, आणि हसण्याच्या भरात कोणी मास्तरीणबाईकडे पाहिले नाही. आईने पाहिले. मास्तरीणबाई म्हणजे दादाची बायको. शाळेत गणित शिकवायची म्हणून घरात पहिल्या महिन्यातच पडलेले नाव. अकरा वर्षांपूर्वीच्या बैठकीत ती दारापाशी उभी होती. लग्नाला चार महिने झालेले, तिला काय विचारायचे, असे सगळ्यांनी धरून चालले होते. ऑपरेशनच्या दिवशी अकरा तास ती आणि आई एकाच बाकावर बसल्या होत्या. आईची दोन माणसे आत होती, तिचे एक. त्या अकरा तासांत दोघी एकमेकींशी एक शब्दही बोलल्या नव्हत्या, आणि पुढेही बोलायला हवे होते तेवढ्या कधी बोलल्या नाहीत.

आज मास्तरीणबाईने खुर्ची आत्याच्या शेजारी घेतली होती. हे नवल होते. आत्याचे आणि तिचे कधी पटले नव्हते, आणि न पटण्याचे कारण कारखान्यात सर्वांना ठाऊक होते. लग्नानंतर ती पहिल्यांदा खाली भट्टीवर आली तेव्हा आत्या तुरटी तोलत होती. काटा मधोमध आला, आत्याने पारडे भट्टीवरच्या रंगाच्या हंड्यात ओतले, आणि मग तीन बोटांनी आणखी एक चिमूट उचलून टाकली. तिच्यामागून दादाने दुसऱ्या भट्टीत तसेच केले. नव्या नवरीने विचारले, "मग तराजू कशाला ठेवलाय?"

ती चिमूट या घराची होती. आईच्या सासऱ्यांनी ती घालून दिली. माप झाले की वर चिमूटभर जास्त, रंग धरून राहावा म्हणून. ती कुठल्या कागदावर लिहिलेली नव्हती, गिऱ्हाइकाला सांगायची नव्हती. आईच्या हातून ती पहिल्यांदा पडली तेव्हा सासरे मागे उभे होते. ते काही म्हणाले नाहीत, फक्त आपल्या जागी जाऊन बसले, आणि आईला कळले की आपण आता या घरातल्या झालो.

आत्या आज स्पष्ट बोलली. दादाने एकदा दिले तेवढे पुरे. दोन पोरांपैकी एक आजारी आहे, दोन आजारी करून ठेवायची नाहीत. मास्तरीणबाईने मान हलवली. धाकटी म्हणाली, ती यंत्रावर बसेल, आठवड्यातून तीनदा, वाचायला पुस्तके नेईल. दादा म्हणाला, तिला कोण विचारतेय. बोलणे असे गोल फिरत राहिले, आणि भिंतीवर निळाई येत-जात राहिली, आणि आई आपल्या मांडीवरच्या उजव्या हाताकडे पाहत राहिली. अंगठा आणि दोन बोटे एकमेकांना चिकटलेली होती. तिला ती सोडवता येईनात.

आठ महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी पहिल्यांदा डोस उतरवला, त्या आठवड्यात आईला झोप आली नव्हती. धाकटीच्या गोळ्यांची डबी अकरा वर्षे तीच भरत होती. चौदा खाने, सात सकाळी, सात संध्याकाळी. या औषधाने पोरीच्या हाताला कंप सुटला होता, बारीक कॅप्सूल तिच्या बोटांतून घरंगळत, म्हणून दर रविवारी दुपारी आई डबी भरून ठेवी. त्या रविवारी संध्याकाळच्या खान्यात तिने एक कॅप्सूल टाकली, आणि खाना तिला रिकामा दिसला. इतके कमी. दादाचे यकृत तिथे आत बसलेले, अकरा वर्षे धरून राहिलेले, आणि त्याला धरून ठेवायला इतके कमी. जुन्या चिठ्ठीवर आणलेला तीन महिन्यांचा साठा कपाटात तसाच पडला होता. तिची तीन बोटे आपोआप गेली.

एक जास्त. चिमूटभर.

मग तिला झोप लागू लागली. सकाळचाही डोस उतरला तेव्हा चिमूट एकाची दोन झाली. तिला कधी असे वाटले नाही की आपण काही चोरून करतो आहोत. जसे भट्टीत टाकताना वाटत नसे. गुरुवारी, डॉक्टरांच्या खोलीत, ते पहिल्यांदा वाटले, आणि ते एखाद्या थानावर पाण्याचा डाग पसरावा तसे तेव्हापासून पसरत होते.

"मला एक दाखवायचंय," मास्तरीणबाई म्हणाली.

तिने शाळेच्या पिशवीतून आलेखाचा कागद काढून टेबलावर पसरला. आठ महिन्यांचे रिपोर्ट तिने रात्री बसून उतरवले होते. लाल रेघ म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेला डोस. ती दोन पायऱ्या उतरून निम्म्यावर आली होती. हिरवी रेघ म्हणजे रक्तात सापडलेले औषध. ती सरळ होती. टेबलाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेला ताणलेल्या सुतासारखी सरळ.

"वर्गात कोणी असा आलेख आणला तर मी त्याला म्हणेन, बाळा, मोजताना काहीतरी चुकलंय."

"कोण चुकलंय म्हणतेस?" आत्याने विचारले.

"कोण, ते मी म्हणत नाही. मोजायचं म्हणते. डबी भरल्यावर पुन्हा कोणी मोजतं का?"

आत्याने आपली खुर्ची मागे ओढली. फार नाही, वीतभर. पण फळीवर तिचा आवाज झाला. ती म्हणाली, "सूनबाई, या घरात वहिनीने भरलेलं मोजायची वेळ आजवर कोणावर आली नाही."

दादाही बायकोकडे वळून म्हणाला, की आईवर तरी संशय घेऊ नकोस. मास्तरीणबाईचे कान लाल झाले; त्या निळ्या उजेडात ते जांभळे दिसले. ती कागदाची घडी घालू लागली. आईच्या बाजूने दोघे उभे राहिले होते, अकरा वर्षांत पहिल्यांदा इतके एकदिलाने, आणि त्यांच्या त्या उभे राहण्याने आईच्या तोंडाशी आलेले परत आत गेले. "चहा टाकते," ती म्हणाली, आणि उठली.

ती स्वयंपाकघरात गेली नाही. जिना उतरून खाली कोठीत गेली.

कोठीत उजेड साधा होता, बिनरंगाचा. फळीवर सासऱ्यांच्या वेळचे पत्र्याचे डबे ओळीने होते, त्यांच्याच तिरक्या अक्षरात नावे लिहिलेले. तुरटी, मीठ, खार. तुरटीचा लहान डबा कित्येक वर्षे रिकामाच होता, आता तुरटी पोत्याने येई. आईने तो उतरवला. आत तीस-पस्तीस कॅप्सूल उरल्या होत्या. तिने मोजलेल्या नव्हत्या. हाताला वजन कळत होते.

कोपऱ्यात मोरी होती. डबा ओतायचा, वरून दोन तांबे पाणी. उद्याच्या खान्यांत डॉक्टर म्हणतात तेवढेच. महिन्याभरात मास्तरीणबाईची हिरवी रेघ आपोआप उतरेल, डॉक्टर म्हणतील, बघा, लागू पडले. कोणाला काही कळायचे नाही. आईने हे सगळे इतक्या शांतपणे जुळवले की तिला आपलेच आश्चर्य वाटले. फक्त एक गोष्ट बसत नव्हती. उद्या सकाळी नऊ वाजता दादा बाही वर करून बसणार होता.

मोरीकडे जाताना तिचे कोपर कोठीतल्या टेबलावरच्या वहीला लागले. कारखान्याची ती जुनी नमुना वही. दर पानावर कापडाचे चार तुकडे डकवलेले, खाली वर्ष. एका नाटकगृहाला पडद्यासाठी जुन्यासारखा काळा हवा होता, म्हणून धाकटीने ती काळ्याच्या पानांवर उघडून ठेवली होती. आईने ही पाने फार वर्षांत पाहिली नव्हती. सालींच्या काढ्यात हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, घालून केलेला तो काळा या घराचे नाव होता. दूरवरून माणसे त्यासाठी येत.

पानावर काळा नव्हता. डिंकाच्या चार चौकटी होत्या आणि चौकटींत भोक. वहीच्या खाचेत भुकटी साचली होती. आईने तिला बोट लावले. भुकटी अजूनही काळी होती, लखलखीत, पहिल्या दिवसासारखी. रंग तसूभर उतरला नव्हता. कापड मात्र राहिले नव्हते. पुढचे पान तसेच, त्यापुढचेही. लाल होते, पिवळे होते, निळे होते. काळ्याचीच पाने तेवढी लोखंडाने आतून खाल्ली होती.

ती किती वेळ बोट धरून उभी होती कोण जाणे. तो काळा बोटावरून निघत नव्हता.

"तो डबा तुरटीचा नाहीये ना," मागून धाकटी म्हणाली.

ती शेवटच्या पायरीवर बसली होती, गुडघ्यांभोवती हात घालून. लहानपणी बसायची तशी. चौतीस वर्षांची झाली तरी बसण्याची तऱ्हा तीच.

आई वळली नाही. "तुला ठाऊक होतं?"

"आई, मी गिऱ्हाइकाला पांढऱ्याच्या अकरा छटा दाखवते. एक आणि दोन मला कळणार नाहीत?"

"मग बोलली का नाहीस?"

धाकटी म्हणाली, पहिल्या दिवशी तिला वाटले, आई चुकली असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन निघाल्या. तेव्हा कळले. पण त्याच आठवड्यात आईचे रात्री उठून दाराशी येऊन उभे राहणे थांबले, आणि तेही तिला कळले. त्यामुळे तिने घेतल्या. आणि खरे सांगायचे तर नुसते त्यामुळे नाही.

"मलाही वाटायचं, थोडं जास्तच बरं. माझं असतं तर गेलं असतं तरी चाललं असतं. हे दादाचं आहे. ते घालवलं तर मी त्याच्याकडे कशी बघू?"

"डॉक्टरांनी तीनदा विचारलं तुला."

"तुला पण ऐकू येत होतं."

मग धाकटी उठून टेबलापाशी आली आणि तिने वहीच्या पानावर हात ठेवला. तिची बोटे कापत होती, आणि त्यांच्याबरोबर पानाचा कोपरा बारीक फडफडत होता, जणू त्याला आतून वारा लागला आहे. आईने विचारले, कंप इतका कधीपासून. पूर्वी एवढा नव्हता, धाकटी म्हणाली, पण आपण सवयीने बघत नाही. गेल्या महिन्यात तिच्या हातून रंग सांडला होता, दोनदा. तिने पुसून टाकला.

"हे बघ, तू काही बोलू नकोस," ती म्हणाली. "मी सांगते, मीच घेत होते. घाबरून. मला ते दहा मिनिटं रागावतील. तुला रागावले तर ते दहा वर्षं पुरवतील. आत्याला तर तू ओळखतेसच."

ती डबा घ्यायला पुढे झाली. आईने तिचा हात धरला, दोन्ही हातांत, ओल्या थानाला पिळण्याआधी धरतात तसा. कंप तिच्या तळव्यांत उतरला आणि तिथे थोडा निवला. मग तिने हात सोडला, डबा बगलेत मारला आणि जिना चढू लागली. धाकटी मागून म्हणाली, चहाचे काय सांगायचे? आई म्हणाली, चहा राहू दे.

वर खोली होती तशीच होती, पाण्याखाली. आईने डबा टेबलावर ठेवला, मास्तरीणबाईच्या घडी घातलेल्या कागदावर, आणि झाकण काढले. बसली नाही. तिने सांगितले ते थोडक्यात होते. संध्याकाळच्या खान्यात आठ महिने एक जास्त. तीन महिन्यांपासून सकाळीही. धाकटीला कोणी काही बोलायचे नाही. मोजायचे म्हणणारी बरोबर होती. हे शेवटचे वाक्य तिने मास्तरीणबाईकडे पाहून म्हटले.

पहिल्यांदा आत्या हलली. तिने डब्याकडे हात नेला, पण आतल्या कॅप्सूलकडे नाही. बाहेरच्या अक्षरांवरून तिने बोट फिरवले. "बाबांचा डबा," ती म्हणाली. मग आपल्याशीच बोलल्यासारखी: "मी काल पण चिमूट टाकली. निळ्यात. तुरटीची गरज नसते त्याला."

"वन्सं, मी..." आई म्हणाली. आत्याने खुर्ची पुन्हा पुढे घेतली. कोणाच्या बाजूला, ते त्या क्षणी सांगता आले नसते, बहुधा टेबलाच्या.

दादा उभा राहिला होता. त्याचा चेहरा आईला नीट दिसत नव्हता, त्याच्यावरून निळाई हलत होती. त्याने मोठा आवाज केला नाही. तो म्हणाला, "मी उद्या निघालो होतो, आई."

"हो."

"तुला काय वाटलं? माझं टिकणार नाही?"

"तुझं आहे म्हणून टिकवायचं होतं."

"माझं नाहीये ते." आता त्याचा आवाज चढला. "अकरा वर्षांपूर्वी दिलं मी. दिलं म्हणजे दिलं. तिचं आहे. तिने सांभाळलं तर तिचं, घालवलं तर तिचं. तुम्ही दोघी माझी ठेव सांभाळत बसलात आणि तिकडे तिच्या किडन्या..." तो थांबला. धाकटी जिन्याच्या तोंडाशी उभी होती. तो तिच्या शेजारून, तिला धक्का न लावता, माळ्याच्या शिडीकडे गेला आणि वर चढला. फळ्यांवर त्याची पावले ऐकू आली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मास्तरीणबाई तोवर फोनवर होती. इस्पितळात रविवारीही एक परिचारिका अवयव बसवलेल्या रुग्णांसाठी असे; तिचा नंबर गेली अकरा वर्षे मास्तरीणबाईला पाठ होता, हे घरात कोणालाच माहीत नव्हते. तिने कोणी काय केले ते सांगितले नाही. किती जास्त आणि किती महिने, एवढेच सांगितले. पलीकडून बराच वेळ प्रश्न येत राहिले आणि ती हो, नाही, आठ, दोन, अशी उत्तरे देत राहिली. फोन ठेवल्यावर तिने पाठीमागच्या बाकावरच्या मुलांनाही ऐकू जाईल अशा स्वरात सगळे सांगितले. औषध बंद मुळीच करायचे नाही. आजपासून चिठ्ठीवर आहे तेवढेच, ठरल्या वेळी. उद्या सकाळची कॅप्सूल घ्यायच्या आधी रक्त द्यायचे. दादाची नऊची वेळ आता धाकटीची. डॉक्टर उद्याच भेटतील. जे आवळले गेले आहे ते थोडे सैल होईल, कदाचित बरेच होईल. जे वाळून गेले आहे ते परत येणार नाही. किती सैल आणि किती वाळलेले, ते दोन-तीन महिन्यांनी कळेल. दादाच्या तपासण्या तोवर नकोत.

"नकोत असं त्या म्हणाल्या?" आत्याने विचारले.

"नाही," मास्तरीणबाई म्हणाली. "ते मी म्हणते."

आत्याने मान हलवली. धाकटीनेही.

पाच वाजून गेले होते. वर दादा थाने उतरवत होता. ती पुरती वाळली होती की नाही कोण जाणे. त्याला काहीतरी ओढून काढायला हवे असावे. एकेक थान निघाले तसा खालच्या खोलीतला निळा पट्ट्यापट्ट्याने कमी होत गेला. आधी खिडकीजवळचा, मग भिंतीवरचा. टेबल लाकडाचे झाले. आत्याचे केस पांढरे झाले. आईला वाटले, कोणीतरी हौदाचे बूच काढले आहे आणि पाणी हळूहळू उतरते आहे, आणि आपण तळाशी होतो तिथेच आहोत, फक्त आता सगळे दिसते आहे.

तिने कपाटातून गोळ्यांची डबी आणली. या आठवड्याची ती दुपारी जेवणानंतरच भरून ठेवली होती. तिने चौदाही खाने टेबलावर उपडे केले आणि डबी मास्तरीणबाईपुढे सरकवली.

मास्तरीणबाईने ती परत सरकवली. "तुम्हीच भरा. मी मोजते."

"तराजू कशाला ठेवलाय मग," धाकटी पुटपुटली, आणि आत्याच्या नाकातून हसण्यासारखे काहीतरी निघाले.

आईने भरायला घेतले. सोमवार सकाळ, एक. सोमवार संध्याकाळ, एक. मास्तरीणबाई आकडा मोठ्याने म्हणत नव्हती, नुसती पाहत होती. इतर गोळ्याही त्या त्या खान्यात पडल्या, पांढरी, गुलाबी, अर्धी तोडलेली. खाने पूर्वीसारखेच रिकामे दिसत होते. ती रिकामे दिसू देत होती. शनिवारच्या संध्याकाळपर्यंत आली आणि तिचे लक्ष क्षणभर वर, पावलांकडे गेले, तेवढ्यात तीन बोटे आपल्या वाटेने डब्याकडे निघाली. डब्याचे झाकण लागलेले होते. झाकणावर मास्तरीणबाईचा हात होता, दाबून नव्हे, सहज ठेवल्यासारखा. आईची बोटे त्या हातावर टेकली. मास्तरीणबाईने हात काढला नाही. आईनेही लगेच काढला नाही.

सहाला धाकटी पाण्याचा पेला घेऊन बसली. आजचा, रविवार संध्याकाळचा खाना तिने अंगठ्याने उघडला आणि आत पाहिले.

"एवढीच?"

"एवढीच," आई म्हणाली.

धाकटीने ती तळव्यावर घेतली. कापणाऱ्या तळव्यावर ती थोडी इकडेतिकडे झाली, मग तोंडात गेली. ती पाणी प्यायली. वरची पावले थांबली होती. माळ्याच्या फटीत दादाचा एक डोळा आणि अर्धे कपाळ दिसले. शेवटचे थान त्याच्या खांद्यावर होते.

"घेतली?" त्याने विचारले. कोणाला, ते सांगितले नाही.

"घेतली," धाकटी म्हणाली.

"किती?"

धाकटीने आईकडे पाहिले. आत्याने पाहिले. मास्तरीणबाईने आलेखाचा कागद पुन्हा उलगडून पेन्सिल हिरव्या रेघेच्या टोकाशी नेली होती, तीही थांबली.

आईने मान वर केली. तिथे आता कापड नव्हते, फळ्या होत्या आणि फळ्यांमधून येणारा साधा उजेड.

"एक," ती म्हणाली, त्याला नीट ऐकू जाईल अशी.